साताऱ्या-सांगलीत पहिले रिव्हॉल्वर घेताना: अर्जापासून कपाटापर्यंत

रिव्हॉल्वर घ्यायचे मनात आले की माणूस पहिला प्रश्न किमतीचा विचारतो आणि दुसरा कंपनीचा. हे दोन्ही प्रश्न बरेच पुढचे आहेत. आपल्याकडे आधी परवाना आणि मग शस्त्र असा क्रम आहे, आणि त्या परवान्याचे भवितव्य अर्जातल्या एकाच रकान्यावर बरेचसे ठरते: शस्त्र कशासाठी हवे आहे. त्या रकान्यात पुराव्यानिशी चार वाक्ये ज्याला लिहिता येत नाहीत, त्याने बंदुकीच्या दुकानाची पायरी चढण्यात अर्थ नाही. या लेखातही आधी तो रकाना येतो आणि दुकान नंतर.

सगळा व्यवहार शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालील शस्त्र नियम २०१६ यांच्या चौकटीत चालतो. १९६२ चे जुने नियम २०१६ साली गेले, त्यामुळे ‘आमच्या आबांनी एका अर्जावर परवाना काढला होता’ ही हकिगत ऐकायला बरी असली तरी आज तिचा उपयोग नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आणखी काही गोष्टी बदलल्या. एका व्यक्तीला पूर्वी तीन शस्त्रे ठेवता येत, आता दोनच ठेवता येतात. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. आणि शिक्षा वाढल्या. दोन शस्त्रांच्या मर्यादेत सगळी शस्त्रे मोजली जातात, म्हणजे ज्याच्या नावावर शेतीसाठी घेतलेली बारा बोअरची बंदूक आधीच आहे, त्याला रिव्हॉल्वर घेतल्यावर तिसऱ्या हत्याराची वाट बंद होते. नेमबाजी करणाऱ्या खेळाडूंसाठी वेगळ्या तरतुदी आहेत.

अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे पूर्ण असावे लागते. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसाला शिक्षा संपल्यावर पाच वर्षांपर्यंत शस्त्र बाळगता येत नाही. शांतता राखण्यासाठी किंवा चांगल्या वर्तणुकीसाठी ज्याच्याकडून जामीनपत्र लिहून घेतले आहे, त्याच्यावरही त्या जामीनपत्राच्या मुदतीपुरती बंदी असते. गावच्या निवडणुकीत किंवा बांधाच्या भांडणात अशी कारवाई होऊन गेलेली असते आणि संबंधिताला ती किरकोळ वाटते. पोलीस अहवालात मात्र ती ठळक येते. म्हणून अर्जापूर्वी आपल्या नावावर काय काय नोंदलेले आहे, हे आधी आठवून, लागल्यास वकिलाकडून तपासून घ्यावे आणि अर्जात ते लपवू नये. प्रलंबित प्रकरण सांगितल्याने अर्ज फेटाळला जाईलच असे नाही, पण खोटी माहिती देऊन मिळालेला परवाना पुढे केव्हाही रद्द होऊ शकतो.

कारण कोणते चालते

नियम २०१६ मध्ये परवाना देताना विचारात घ्यायची माणसे साधारण तीन प्रकारची आहेत. ज्यांच्या व्यवसायाच्या, नोकरीच्या किंवा परिस्थितीच्या स्वरूपामुळे जीविताच्या अथवा मालमत्तेच्या रक्षणाची खरी गरज आहे ते. गेली दोन वर्षे नेमबाजी संघटनेचे सक्रिय सदस्य असलेले खेळाडू. आणि सैन्यदल, केंद्रीय सशस्त्र पोलीस दल किंवा राज्य पोलीस यांत सेवेत असलेले अथवा निवृत्त झालेले, ज्यांना खरी गरज आहे असे. सातारा जिल्ह्यात तिसऱ्या प्रकारचे अर्जदार पुष्कळ असणे स्वाभाविक आहे. अपशिंगे मिलिटरीसारखे गाव ज्या जिल्ह्यात आहे तिथे घरटी एखादा माजी सैनिक भेटतो, आणि सुरक्षारक्षकाची नोकरी धरण्यासाठीही परवान्याची गरज पडते. पण माजी सैनिक असणे ही अर्जाची बाजू बळकट करणारी गोष्ट आहे, आपोआप मिळणारा हक्क नव्हे.

पहिल्या प्रकारात सांगलीकडची उदाहरणे सोपी आहेत. विटा, खानापूर, आटपाडी या भागातले गलाई व्यावसायिक सोन्याचांदीच्या कामासाठी देशभर पसरलेले आहेत. हळदीच्या किंवा बेदाण्याच्या व्यापारात, पेट्रोल पंपावर, सराफ पेढीवर रोकड आणि ऐवज हाताळणारी माणसे आहेत. अशा अर्जदाराने ‘स्वसंरक्षणासाठी’ हा एकच शब्द लिहून थांबू नये. दुकान कोठे आहे, ऐवज कोणत्या मार्गाने आणि कोणत्या वेळी न्यावा लागतो, यापूर्वी चोरीचा प्रयत्न किंवा धमकी झाली असल्यास पोलीस ठाण्यात नोंद कोणत्या तारखेला केली, व्यवसायाची नोंदणी आणि विवरणपत्रे कोणती, हे सारे क्रमाने लिहून कागद जोडावेत. ज्या धमकीची तक्रारच कधी दिलेली नाही, ती अर्जात प्रथमच अवतरली तर तपासणारा अधिकारी साहजिकच भुवया उंचावतो.

मालमत्ता कमी आहे एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असे अधिनियमाच्या १४ व्या कलमात स्पष्ट म्हटले आहे. ‘पाच एकर असल्याशिवाय परवाना मिळत नाही’ ही पारावरची समजूत त्यामुळे सोडून द्यावी. सातबारा मागितला तर द्यावा. पण तो गरजेच्या पुराव्याची जागा घेऊ शकत नाही.

एक गैरसमज इथेच दूर झालेला बरा. पाटण, जावळीकडे रानडुकरे आणि गवे पीक उद्ध्वस्त करतात, कराड आणि शिराळ्याच्या उसाच्या फडात बिबट्या दिसतो, म्हणून रिव्हॉल्वर हवे, असे अनेक जण म्हणतात. आखूड नळीचे शस्त्र या कामाचे नाही. पीकसंरक्षणासाठी स्वतंत्र प्रकारचा परवाना असतो आणि तो लांब नळीच्या बंदुकीचा असतो. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आपल्या जागी उभा आहेच, आणि बिबट्या त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. हे कारण लिहून हँडगन मागणाऱ्याचा अर्ज पहिल्याच टेबलावर कमकुवत होतो.

कारणाचा विचार करताना घरातल्या माणसांचाही विचार करावा, आणि तो कोणत्याही कागदावर लिहायचा नसला तरी प्रामाणिकपणे करावा. घरात कोणी व्यसनी असेल, कोणी निराशेच्या आजारातून जात असेल, भावाभावांत वाटणीवरून रोज खटके उडत असतील, तर बाहेरच्या चोरापेक्षा घरातले शस्त्र अधिक धोकादायक ठरते. अशा वेळी खरेदी पुढे ढकलावी. दुकानाला चांगले शटर, कॅमेरे, रोकड न्यायला दोन माणसे आणि रोज वेगळी वेळ, यांनी जे साधते ते बहुतेक वेळा कमरेच्या रिव्हॉल्वरने साधत नाही, असे माझे मत आहे.

अर्ज कोठे आणि कसा

पुण्यासारख्या पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात परवाना पोलीस आयुक्त देतात. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत आयुक्तालय नाही. सांगली, मिरज आणि कुपवाड यांची महानगरपालिका असली तरी शस्त्र परवान्यासाठी जिल्हाधिकारी, म्हणजेच जिल्हादंडाधिकारी, हेच परवाना प्राधिकारी आहेत. काम गृह शाखेकडे असते. अर्ज नमुना ए-१ मध्ये, केंद्रीय गृह मंत्रालयाच्या शस्त्र परवाना प्रणालीवर ऑनलाइन भरायचा असतो आणि त्याची छापील प्रत कागदपत्रांसह शाखेत द्यायची असते. परवाना मंजूर झाल्यावर राष्ट्रीय माहितीकोशात त्याची नोंद होऊन एक विशिष्ट ओळख क्रमांक मिळतो, ज्याला सगळे ‘यूआयएन’ म्हणतात. हा क्रमांक नसलेला परवाना वैध धरला जात नाही.

कागदपत्रांत ओळखीचा, वयाचा आणि रहिवासाचा पुरावा, छायाचित्रे, शारीरिक आणि मानसिक आरोग्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी आणि वर सांगितलेले गरजेचे पुरावे येतात. माजी सैनिकाने सेवापुस्तिका आणि ओळखपत्र जोडावे. आधार, सातबारा, वीजबिल आणि शाळा सोडल्याचा दाखला यांवर नाव एकसारखे आहे का, हे अर्ज भरण्यापूर्वी पाहावे. एका कागदावर ‘पाटील’ आणि दुसऱ्यावर जुने आडनाव असले की प्रतिज्ञापत्राची फेरी वाढते.

प्रशिक्षणाची अट अनेकांना कटकट वाटते. माझ्या दृष्टीने संपूर्ण प्रक्रियेतला सर्वांत उपयोगाचा भाग तोच आहे. शस्त्र सुरक्षितपणे हाताळणे, बाळगणे, भरणे आणि रिकामे करणे, झाडणे, साठवणे, वाहून नेणे आणि कायद्यातली मूलभूत कलमे, एवढे त्यात शिकवले जाणे अपेक्षित आहे. आपल्या जिल्ह्यात कोणत्या संस्थेचे प्रमाणपत्र स्वीकारले जाते, हे पैसे भरण्याआधी गृह शाखेतच विचारून घ्यावे. नुसते प्रमाणपत्र हातात ठेवून ‘झाले तुमचे’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नये.

ज्याने आयुष्यात कधीच गोळी झाडलेली नाही, त्याने अर्जाच्याही आधी काही महिने एअर पिस्तुलावर घालवावेत, असे मी आवर्जून सुचवेन. .१७७ बोअरपर्यंतच्या (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे माप) आणि २० ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जा नसलेल्या हवेच्या शस्त्राला परवाना लागत नाही. दहा मीटरवरच्या कागदी लक्ष्यावर सराव करताना ट्रिगर हळूहळू दाबणे, दृष्टी पुढच्या माशीवर, म्हणजे नेम धरायच्या नळीवरच्या खुणेवर, ठेवणे आणि बोट ट्रिगरच्या बाहेर ठेवण्याची सवय अंगी बाणते. शेजारच्या कोल्हापूरने या खेळात मोठी नावे दिली आहेत; २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण मिळवणारी राही सरनोबत तिथलीच. पुण्यात बालेवाडीला मोठे शूटिंग रेंज आहे. काही महिने नियमित सराव केल्यावर ‘आपल्याला खेळच आवडतो, शस्त्र बाळगायचे नाही’ असे लक्षात आले, तर तोही नफाच समजावा.

पोलिसांची चौकशी

अर्ज दाखल झाला की जिल्हाधिकारी कार्यालय पोलीस अधीक्षकांकडे अहवाल मागते आणि कागद तिथून उपविभागीय अधिकाऱ्यांमार्फत आपल्या हद्दीतल्या ठाण्यात उतरतो. ठाण्यातून बोलावणे येते, जबाब घेतला जातो, शेजाऱ्यांकडे चौकशी होते, शस्त्र घरात कोठे ठेवणार ती जागा पाहिली जाते. जबाबात जे सांगाल ते अर्जातल्या मजकुराशी जुळले पाहिजे. यासाठी अर्जाची एक प्रत स्वतःजवळ ठेवून ठाण्यात जाण्यापूर्वी ती पुन्हा वाचावी. नियमांनुसार पोलीस अहवाल ३० दिवसांत यावा आणि तो मिळाल्यापासून ६० दिवसांत निर्णय व्हावा. प्रत्यक्षात गणपती बंदोबस्त, निवडणुका आणि अधिकाऱ्यांच्या बदल्या मध्ये येतात, तेव्हा महिन्यातून एकदा आवक क्रमांक दाखवून लेखी विचारणा करणे योग्य. रोज फोन करणे, ‘साहेबांच्या ओळखीचा’ माणूस पाठवणे किंवा काम करून देतो म्हणणाऱ्या दलालाला पैसे देणे यांतून काहीच साधत नाही.

दलालांविषयी आणखी एक. ‘इथे जमत नसेल तर बाहेरच्या राज्यातला परवाना आणून देतो’ असे सांगणारे भेटतात. जम्मू-काश्मीरमध्ये अपात्र आणि तिथे न राहणाऱ्या लोकांना दिलेल्या हजारो परवान्यांचा तपास सीबीआयने केला आहे. ज्या जिल्ह्यात आपण राहत नाही तिथला परवाना विकत घेणारा माणूस पैसे देऊन स्वतःविरुद्धचा पुरावा तयार करत असतो. समाजमाध्यमांवर ‘परवान्यासह पिस्तूल घरपोच’ अशा जाहिराती दिसतात, त्या आगाऊ रक्कम उकळण्यासाठी असतात. गावठी कट्ट्याबद्दल तर बोलायलाच नको: विनापरवाना शस्त्रांच्या विक्रीला २०१९ नंतर सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, बाळगणाराही तुरुंगात जातो, आणि अशी कच्च्या लोखंडाची नळी पहिल्याच बाराला हातात फुटू शकते.

अर्ज नामंजूर झाला तर कारणे लेखी मागावीत. जनहिताला किंवा शांततेला बाधा येईल अशी स्थिती सोडल्यास ती देणे प्राधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येते; सातारा आणि सांगली पुणे महसूल विभागात असल्याने ते पुण्याच्या विभागीय आयुक्तांकडे जाते. अपिलात भावनिक मजकूर लिहिण्यापेक्षा नामंजुरीच्या प्रत्येक कारणाला एकेक कागद जोडून उत्तर द्यावे.

परवाना हातात आल्यावर प्रथम वाचावा

मंजूर परवान्यावर शस्त्राचा प्रकार, बोअर, खरेदीची मुदत, वर्षाला आणि एका वेळी किती काडतुसे ठेवता येतील, आणि परवाना कोणत्या क्षेत्रात चालतो, हे लिहिलेले असते. बरेच जण तो थेट लॅमिनेट करायला नेतात. तसे करू नये, कारण त्यावर पुढे शस्त्राची, काडतुसांची आणि नूतनीकरणाची नोंद व्हायची असते. क्षेत्र हा मुद्दा गलाईवाल्यांसाठी आणि कर्नाटकात ये-जा करणाऱ्या जत-मिरजकडच्या व्यापाऱ्यांसाठी कळीचा आहे. परवाना महाराष्ट्रापुरता असेल तर म्हैसाळ ओलांडून कागवाडला पाऊल टाकताच तेच शस्त्र बेकायदा ठरते. क्षेत्र वाढवून हवे असल्यास सबळ कारणासह वेगळा अर्ज करावा लागतो आणि तो सहजासहजी मंजूर होत नाही.

बोअरच्या बाबतीत नागरिकाला निवड थोडी आहे. ९ एमएम आणि .३८ हे सैन्य-पोलिसांच्या वापरातले बोअर प्रतिबंधित गटात येतात. सर्वसामान्य परवानाधारकाची हँडगन म्हणजे व्यवहारात .३२, क्वचित .२२. चित्रपटात पाहिलेले मॉडेल मिळेल ही आशा इथेच सोडावी.

रिव्हॉल्वर की पिस्तूल

नव्या माणसाने रिव्हॉल्वर घ्यावे, हे माझे ठाम मत आहे. रिव्हॉल्वर भरलेले आहे की रिकामे, हे चक्र, म्हणजे काडतुसांची घरे असलेला फिरता भाग, उघडताच डोळ्यांना दिसते. पिस्तुलात मॅगझिन (मुठीतली काडतुसांची पेटी) काढल्यावरही नळीच्या मागच्या टोकात एक काडतूस राहू शकते, आणि ‘मॅगझिन काढले होते’ असे म्हणत घडलेले अपघात याच एका गोळीचे असतात. रिव्हॉल्वरमध्ये गोळी उडाली नाही तर ट्रिगर पुन्हा ओढला की पुढचे घर समोर येते. पिस्तूल अडकले तर स्लाइड (वरचा सरकता भाग) ओढून ते मोकळे करण्याचा सराव लागतो, आणि वर्षाकाठी मोजकी काडतुसे मिळणाऱ्या माणसाला तो सराव होत नाही. पिस्तूल चपटे असते, कपड्याखाली कमी जाणवते, त्यात गोळ्या अधिक मावतात. हे फायदे खरे आहेत, पण ते दुसऱ्या शस्त्राच्या वेळी विचारात घ्यावेत.

इथे एक तांत्रिक गोष्ट नीट समजून घेणे अत्यावश्यक आहे. परवान्यावर आणि दुकानात दोन्हींना ‘.३२’च म्हणतात, पण रिव्हॉल्वरचे .३२ आणि पिस्तुलाचे .३२ ही दोन वेगळी काडतुसे आहेत. रिव्हॉल्वरचे काडतूस, ज्याला .३२ स्मिथ अँड वेसन लाँग म्हणतात, लांब असते आणि त्याच्या बुडाला ठळक कडा असते, जी चक्रातल्या घराच्या काठावर टेकते. पिस्तुलाचे .३२ एसीपी आखूड असते आणि त्याची कडा जेमतेम बाहेर आलेली असते. दोन्ही शेजारी ठेवली की फरक लहान मुलालाही कळतो, पण नुसता ‘बत्तीसचा डबा द्या’ म्हणणाऱ्याच्या हाती चुकीचा डबा पडू शकतो. डब्यावरचा मजकूर वाचूनच पैसे द्यावेत. भारतीय काडतुसांच्या बुडावर बहुधा ‘केएफ’ अशी अक्षरे ठोकलेली दिसतात. ती पुण्याजवळच्या खडकी दारूगोळा कारखान्याची खूण आहे.

नव्या शस्त्रांत सरकारी कारखान्यांचा माल सर्वाधिक दिसतो. २०२१ साली आयुध निर्माणी मंडळाच्या सात कंपन्या झाल्यापासून हे कारखाने ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया लिमिटेड या कानपूरच्या कंपनीखाली आहेत. कानपूरचे सहा गोळ्यांचे .३२ रिव्हॉल्वर वेब्लीच्या जुन्या रचनेचे आहे: वरची खिट्टी दाबली की नळी पुढे मोडून खाली झुकते. त्याच पठडीतले, टायटॅनियम मिश्रधातूचे, सुमारे ५०० ग्रॅमचे ‘निर्भीक’ २०१४ मध्ये महिलांना डोळ्यांसमोर ठेवून आले. २०२३ मध्ये आलेले ‘प्रबळ’ वेगळ्या रचनेचे आहे. त्याचे चक्र बाजूला उघडते, नळी ७६ मिलिमीटरची आहे आणि काडतुसांशिवाय वजन ७०० ग्रॅम आहे. .३२ पिस्तुलांत ‘अशनी’ हे नाव वारंवार ऐकू येते. .२२ बोअरचे ‘निडर’ जेमतेम २५० ग्रॅमचे आहे. खासगी क्षेत्रात वेब्ली अँड स्कॉट हे जुने इंग्रजी नाव आता उत्तर प्रदेशातल्या संडीला येथे तयार होणाऱ्या .३२ रिव्हॉल्वरवर दिसते.

हलके शस्त्र चांगले, हा समज तपासून पाहावा. वजन कमी असले की धक्का हातावर अधिक बसतो आणि नवखा माणूस दुसऱ्या गोळीच्या वेळी आधीच दचकतो. रोज कमरेला लावून फिरणाऱ्याला हलके शस्त्र सोयीचे पडेल. पेढीच्या तिजोरीत राहणाऱ्या रिव्हॉल्वरला दोनशे ग्रॅम जास्त असले तर उलट बरेच.

विदेशी शस्त्रांचा मोह अनेकांना असतो. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सर्वसामान्यांसाठी हँडगनची आयात बंद असल्याने देशात फिरतात ती जुनी वॉल्थर आणि स्मिथ अँड वेसन. टंचाईमुळे त्यांची किंमत नव्या देशी शस्त्राच्या कितीतरी पट होते, सुटे भाग मिळत नाहीत आणि अनेकदा नळी झिजलेली असते. पहिल्या खरेदीत हा नाद करू नये.

दुकानात

खरेदी परवानाधारक विक्रेत्याकडून करावी किंवा कारखान्यात नोंदणी करून थेट घ्यावी. कानपूरहून आणायचे असल्यास आपल्या परवान्याचे क्षेत्र तिथपर्यंत पोचते का, आणि पोचत नसेल तर प्रवासात शस्त्र आणण्याची लेखी परवानगी कशी घ्यायची, हे निघण्यापूर्वी गृह शाखेत विचारावे. रेल्वेत बसल्यावर हा प्रश्न सुचून उपयोग नाही.

वापरलेले शस्त्र दुसऱ्या परवानाधारकाकडून घेता येते, पण विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस उलटल्याशिवाय व्यवहार करता येत नाही. ‘आधी वस्तू न्या, कागद मागाहून करू’ हे बोलणे ट्रॅक्टरच्या बाबतीत चालत असेल; इथे दोघेही आरोपी होतात.

शस्त्र हातात घेतल्यावर नळी भिंतीकडे किंवा जमिनीकडे ठेवून, बोट ट्रिगरपासून दूर ठेवून, प्रथम ते स्वतः उघडून रिकामे असल्याची खात्री करावी. विक्रेत्याने नुकतेच उघडून दाखवले असले तरी. मोडून उघडणारे रिव्हॉल्वर असेल तर खिट्टी दाबून नळी पूर्ण खाली करावी, तेव्हा चक्राच्या मध्यातून चांदणीच्या आकाराचा, काडतुसे बाहेर ढकलणारा एक्स्ट्रॅक्टर वर उचलला जातो आणि पूर्ण उघडल्यावर झटक्यात खाली बसतो. तो वाकडा बसत असेल किंवा मध्येच थांबत असेल तर ती वस्तू बाजूला ठेवावी. नळीत मागून पांढरा कागद धरून समोरून पाहावे: आतल्या पिळाच्या कडा स्वच्छ दिसल्या पाहिजेत, काळे खड्डे किंवा अंगठीसारखी फुगवटी दिसता कामा नये. शस्त्र बंद करून, विक्रेत्याची परवानगी घेऊन घोडा (काडतुसावर आघात करणारा मागचा भाग) हळूच मागे ओढावा आणि अंगठ्याने आवरून सावकाश सोडावा; सहाही घरांवर हे करताना घोडा पूर्ण मागे जाण्याच्या क्षणापर्यंत चक्र आपल्या जागी घट्ट बसले पाहिजे. घोडा मागे असताना चक्र बोटाने हलवून पाहावे. किंचित हालचाल चालते, पण खुळखुळ चालत नाही. खिट्टी आणि बिजागरीपाशीही नळी डुलत नाही ना, हे पाहावे, कारण मोडून उघडणारी रचना तिथूनच सैल होते.

शेवटी शस्त्रावर कोरलेला क्रमांक, पावतीवरचा क्रमांक आणि परवान्यावर विक्रेत्याने केलेल्या नोंदीतला क्रमांक, हे तिन्ही मोठ्याने वाचून ताडून पाहावेत. एका आकड्याची चूक पुढे नूतनीकरणाच्या वेळी महिनोन्‌महिने छळते. परवान्यावर नमूद मुदतीत शस्त्र तपासणीसाठी दाखवून त्याची नोंद गृह शाखेत आणि ठाण्यात करून घ्यावी.

घरी ठेवणे आणि बाहेर नेणे

साताऱ्याच्या पश्चिमेला पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की कपाटातल्या कपड्यांना बुरशी धरते; तीच हवा शस्त्रालाही लागते. चामड्याच्या होल्स्टरमध्ये शस्त्र महिनोन्‌महिने ठेवणे ही सर्वांत मोठी चूक, कारण चामडे ओल शोषते आणि जिथे ते लोखंडाला टेकते तिथे बारीक ठिपक्यांचा गंज उठतो. काडतुसे चामडी पट्ट्यात ठेवली तर पितळेवर हिरवट थर चढतो आणि ती चक्राच्या घरात अडकतात. शस्त्र कोरड्या कापडाने पुसून, अगदी पातळ तेलाचा हात फिरवून, सिलिका जेलच्या पुड्यांसह भिंतीला किंवा जमिनीला बोल्ट केलेल्या पोलादी पेटीत ठेवावे. काडतुसे दुसऱ्या कुलपात, कोरड्या डब्यात ठेवावीत. सांगलीत कृष्णाकाठच्या सखल भागात राहणाऱ्यांनी ही पेटी तळमजल्यावर ठेवू नये. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर आठवले की कारण सांगावे लागत नाही. घर सोडावे लागणार असे दिसताच शस्त्र ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. कुलपाची किल्ली परवानाधारकाकडेच असावी. पत्नी, मुलगा किंवा दिवाणजी यांच्या नावावर परवाना नसेल तर शस्त्र त्यांच्या ताब्यात देता येत नाही.

सार्वजनिक ठिकाणी हँडगन होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेली आणि आपल्या नियंत्रणात असावी लागते. जत्रा, धार्मिक मिरवणूक, सभा आणि शाळा-महाविद्यालयाचे आवार इथे शस्त्र नेण्यास परवान्याच्या अटींनुसार मनाई आहे. म्हणजे पालीला खंडोबाच्या यात्रेला किंवा मांढरदेवीला जाताना ते घरीच कुलपात राहिले पाहिजे. वरातीत हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि परवानाही जातो. शस्त्रासोबतचा फोटो स्टेटसला ठेवणाऱ्यांनीही चौकशीची तयारी ठेवावी.

स्वसंरक्षणाचा अधिकार भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ कलमांत आहे आणि त्याला मर्यादा आहेत: धोका संपला की अधिकार संपतो, आणि गरजेपेक्षा अधिक इजा करता येत नाही. पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घालणारा मालक या कलमांच्या आडोशाला उभा राहू शकत नाही. ही कलमे वकिलाकडून एकदा उदाहरणांसह समजून घ्यावीत.

निवडणूक जाहीर झाली की जिल्ह्याची छाननी समिती परवान्यांचा आढावा घेते आणि ज्यांना कळवले जाते त्यांना शस्त्र जमा करावे लागते. जमा करताना शस्त्राचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या पावतीवर लिहून घ्यावी. शस्त्र हरवले किंवा चोरीला गेले तर त्याच दिवशी ठाण्यात कळवावे. पत्ता बदलला, अगदी कराडहून इस्लामपूरला (आताचे ईश्वरपूर) आलात तरी, जिल्हा बदललेला असतो आणि नव्या प्राधिकाऱ्याला कळवणे भाग असते. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान दोन महिने आधी द्यावा, कारण मुदत संपलेल्या परवान्यावर शस्त्र घरात ठेवणे हा विनापरवाना ताबा ठरतो. काही कारणाने उशीर झालाच तर शस्त्र आधी जमा करावे आणि मग अर्जाच्या मागे लागावे.

वारसाचा प्रश्न बहुतेक घरांत फार उशिरा निघतो. परवानाधारकाचा मृत्यू झाल्यावर, त्याने सत्तरी गाठल्यावर किंवा शस्त्र पंचवीस वर्षे त्याच्याकडे राहिल्यावर कायदेशीर वारसाला त्या शस्त्रासाठी परवाना मागता येतो. वारस पात्र असला पाहिजे आणि इतर वारसांची हरकत नसल्याचे लेखी असले पाहिजे. वडील गेल्यावर तेराव्यापर्यंत शस्त्र कपाटातच राहिले असे अनेक घरांत होते. तसे न करता ते लगेच ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करून पावती फाइलला लावावी आणि वारसाचा अर्ज त्या पावतीच्या आधारे करावा.